बाकीची पानं

आमच्या रेकॉर्ड रूममध्ये कागदाच्या दोनच जाती. निशाणी पडलेला आणि निशाणी न पडलेला. कोर्टाने पुरावा म्हणून घेतलेल्या कागदाच्या कोपऱ्यात शिक्का बसतो, आकडा पडतो, ती निशाणी. एकदा ती पडली की तो कागद वाळवीनेसुद्धा परवानगी घेऊन खायचा. निशाणी नाही तो कागद रद्दी. नोकरीला लागलो त्या दिवशी जुन्या नाझरांनी, म्हणजे आमच्या वरिष्ठांनी, मला समोर उभं करून दम दिला होता, "बाकी काही शिकला नाहीस तरी चालेल. निशाणीला हात लावलास तर गाठ माझ्याशी आहे." एकतीस वर्षं मी हे तंतोतंत पाळलं. पाळलं म्हणूनच एका बाईंचं पुस्तक माझ्या हातून जळालं.

मला कचेरीत 'कुलूप' म्हणतात. का म्हणतात ते मी कधी विचारायला गेलो नाही. लग्न केलं नाही. आई होती तोवर घरात आवाज होता. आता दर रविवारी ताईचा फोन येतो, ती "जेवलास का?" विचारते, मी "हो" म्हणतो, संपलं. बाकीचा आठवडा मी आणि कपाटं. हे रडगाणं म्हणून सांगत नाहीये, पुढचं कळावं म्हणून सांगतोय.

सत्तावीस वर्षांपूर्वीची गोष्ट. एका बाईंनी कादंबरी लिहिली. छापून झाली, बांधणी तेवढी बाकी होती, एवढ्यात कोणीतरी तक्रार केली आणि पोलिसांनी छापखान्यात जाऊन सगळे छापील कागद उचलले. हस्तलिखितही उचललं. एक प्रत म्हणून दुकानात पोचली नाही. प्रकाशक आरोपी क्रमांक एक, बाई आरोपी क्रमांक दोन. खटला चालू असतानाच प्रकाशक वारले, मग बाई एकट्याच उभ्या राहिल्या.

हस्तलिखित तीनशे बारा सुट्या पानांचं. त्यातली तेवीस पानं तपास अधिकाऱ्याने लाल पेन्सिलीने रंगवून वेगळी काढली होती. त्यांच्यावर निशाणी चौदा पडली. उरलेल्या दोनशे एकोणनव्वद पानांवर काहीच पडलं नाही. ती कोणी मागितलीच नाहीत. तेव्हाचा कायदा सोपा होता, चार ओळी वाईट निघाल्या की पुस्तक वाईट. सरकारी वकिलांनी जुन्या निकालांची चळत आणली होती. एका निकालात सुईणींसाठी लिहिलेलं पुस्तक अश्लील ठरलेलं. एकात आंघोळ करणाऱ्या बाईचं चित्र जाळायचा हुकूम, आणि खाली ओळ, की चौकट चांगल्या लाकडाची असल्याने मालकास परत द्यावी. मी थट्टा करत नाहीये. ती चळत मीच उचलून कोर्टात नेली होती.

तेवीस पानं मोठ्याने वाचायची वेळ आली तेव्हा न्यायाधीश म्हणाले, बायकांनी बाहेर जावं. टायपिस्टबाई उठल्या, झाडू मारणाऱ्या मावशी उठल्या, मागच्या बाकावरच्या दोघी उठल्या. आणि आरोपी क्रमांक दोनही उठल्या. शिपायाने त्यांना दंडाला धरून खाली बसवलं. "तुम्ही नाही हो, तुम्ही आरोपी!" सगळं कोर्ट हसलं. मीही हसलो. मग सरकारी वकिलांनी किराण्याची यादी वाचावी तशी ती पानं वाचली, आणि बाई समोरच्या भिंतीकडे बघत राहिल्या.

निकाल लागला. बाईंना कोर्ट उठेपर्यंत कैद. छापील कागद नष्ट करावेत. हस्तलिखितातली आक्षेपार्ह पानं नष्ट करावीत, बाकीची लेखिकेला परत द्यावीत.

अपिलाची मुदत संपली, बाईंनी अपील केलं नाही, आणि हुकुमाचा कागद माझ्या टेबलावर आला. छापील गठ्ठे तर गेलेच होते. हस्तलिखिताचे दोन गठ्ठे समोर होते, एक जाळायचा, एक परत द्यायचा. मी हुकूम वाचला नाही असं नाही, वाचला. पण हातांना सवय लागलेली असते. निशाणीचा गठ्ठा उचलला तो मांडणीवर नीट ठेवला, आणि बिननिशाणीचा गठ्ठा मागच्या अंगणातल्या पिंपात नेऊन टाकला. भर दुपार होती. पंच म्हणून नाझर उभे होते, त्यांचं सगळं लक्ष दातात अडकलेलं काहीतरी काढण्यात. कागद चांगल्या प्रतीचा होता, वेळ लागला. मग त्यांनी सही केली, मी सही केली.

आठ दिवसांनी मांडणी पुसताना लाल रेघा दिसल्या. जाळायचं ते ठेवलं होतं आणि ठेवायचं ते जाळलं होतं! बाई पानं न्यायला येतील तेव्हा काय तोंड दाखवायचं, या विचाराने मला महिनाभर धड जेवण गेलं नाही. पण बाई आल्याच नाहीत. निकालाच्या दिवशी त्या कोर्टातून निघाल्या त्या घरीही गेल्या नव्हत्या. वर्तमानपत्रात नवऱ्याचं निवेदन आलं होतं, मुलगी माझ्याकडे राहील, अशा आईची तिला गरज नाही. मुलगी नऊ वर्षांची. बाई दूर कुठेतरी एकट्या राहतात, शाळेत शिकवतात, एवढं पुढे कानावर आलं. मी गप्प बसलो. वर्षं गेली, नाझर गेले, आणि मी गप्पच राहिलो.

पण ती तेवीस पानं मी वाचायला लागलो. जेवणाच्या सुट्टीत, कपाटांच्या मागे, डबा मांडीवर घेऊन. पहिल्यांदा वाचली ती, खोटं कशाला बोलू, सगळ्यांनी ज्यासाठी वाचली त्याचसाठी. आणि काय होतं हो त्यात? चाळिशीची एक बाई आरशात आपलं पोट बघते, बाळंतपणाच्या खुणांवरून बोट फिरवते. नवऱ्याला काय हवंय ते सांगते आणि तो झोपेचं सोंग घेतो. एका पानावर ती उकाड्याने अंगावरचं सगळं काढून थंड फरशीवर आडवी होते आणि शेजारच्या घरातली भांडी घासल्याचा आवाज ऐकत राहते. बस. एवढ्यावर कैद.

हळूहळू मला त्या बाईची सवय झाली. लिहिणाऱ्या नव्हे, पानांतल्या. मी तिच्याशी मनात बोलायचो, आज भाजी खारट झाली, आज साहेब उगाच तडकले. घरी वाट बघणारं कोणी असतं त्याला हे हास्यास्पद वाटेल. वाटू दे. मला तिच्याशिवाय कोणी नव्हतं आणि मला त्याची लाज वाटत नाही.

यंदा वरच्या कोर्टातून पत्र आलं. मधल्या काळात कायदा बदलला होता. आता पुस्तक आख्खं वाचल्याशिवाय त्याला अश्लील म्हणता येत नाही, चार ओळी वेचून काढणं चालत नाही. एका तरुण वकीलबाईंनी जुने खटले धुंडाळताना हा खटला शोधला, लेखिकेला गाठलं, आणि त्यांच्यावरचा दोषी असल्याचा शिक्का पुसून काढावा म्हणून अर्ज केला. वरचं कोर्ट म्हणालं, ठीक आहे, हस्तलिखित पाठवा, आम्ही पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचू. इतक्या वर्षांनी सगळं वाचायला कोणीतरी तयार झालं होतं आणि माझ्याजवळ तेवीस पानं होती.

मी उत्तर लिहून ठेवलं. 'कसून शोध घेतला असता सदर कागद मिळून आले नाहीत.' या एका वाक्याने आमच्या खात्यातल्या किती जणांना तारलंय, विचारू नका. माझ्या निवृत्तीला आठ महिने होते. पाकीट बंद केलं. आणि ते टपालात जायच्या आधी, दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला, बाई स्वतःच आल्या.

सोबत वकीलबाई होत्या. मला वाटलं होतं आरोपी क्रमांक दोन म्हणजे अजून तीच, भिंतीकडे बघणारी. या एकाहत्तर वर्षांच्या, बारीक, खांद्याला कापडी पिशवी, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. मी स्टूल पुसून दिलं. वकीलबाई नकलांच्या अर्जावर शिक्का घ्यायला वरच्या मजल्यावर गेल्या आणि आम्ही दोघंच उरलो. मी निशाणी चौदा काढून त्यांच्यापुढे ठेवली. दुसरं काय करणार होतो?

बाईंनी लाल रेघा बघितल्या आणि गठ्ठा बोटाने बाजूला सरकवला. "ही नकोत हो. ही इतक्या जणांनी मला वाचून दाखवलीयत, पाठ झालीत. बाकीची काढा."

"बाकीची," मी म्हणालो आणि उगाच कपाटांकडे बघितलं.

"सापडत नाहीत का? मी बसते. मला घाई नाही. घरी कोणी वाट बघत नाही."

तेवढं त्या म्हणाल्या नसत्या तर मी पाकिटातलं वाक्य त्यांना तोंडावर ऐकवलं असतं. पण ते मलाच कोणी म्हटल्यासारखं वाटलं. मी सगळं सांगून टाकलं. निशाणी, हुकूम, पिंप, नाझर, सगळं. एका दमात.

बाईंनी बाजूला सरकवलेला गठ्ठा पुन्हा पुढे ओढला. मग म्हणाल्या, "सगळी?"

"सगळी."

"आणि ही ठेवलीत."

"हो."

"काय मूर्ख माणूस आहात हो तुम्ही!"

"हो," मी म्हणालो. दुसरं खरं उत्तर नव्हतंच.

त्यांनी चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा घातला. मला वाटलं आता रडतील, नाहीतर तक्रार करायला उठतील. त्या उलट स्टूल ओढून जवळ आल्या. "बरं, मला एक सांगा. जाळायच्या आधी वाचली होतीत?"

मी गठ्ठ्याच्या कडा जुळवायला लागलो.

"कोर्टाचं जाऊ द्या. ते या वकील पोरीचं वेड. मला फक्त शेवट हवा होता." त्या खाली बघून बोलत होत्या. "पुस्तकातली बाई घर सोडून जाते. पुढे काय, ते मी तीन वेळा लिहिलं. दोनदा परत आणली, एकदा नाही. छापखान्याचा माणूस दारात उभा होता, त्यातलं एक पान उचलून त्याच्या हातात दिलं. कुठलं दिलं ते आठवत नाही, उरलेली दोन तेव्हाच फाडून टाकली. आठवेल म्हणून सत्तावीस वर्षं थांबले. प्रकाशकाने सुरुवातीची वीस पानं वाचली होती. पोलिसांनी लाल. न्यायाधीशांनी लाल. आमच्या घरी तर वर्तमानपत्रात आलं तेवढंच वाचलं गेलं. शेवटचे तुम्हीच, तुमच्याच हातात सगळं होतं. येते का हो ती परत?"

काय सांगायचं मी? की तुमची दोनशे एकोणनव्वद पानं मी अंगठ्याने मोजली आणि एकाही पानाची एक ओळ वाचली नाही? की मीही लालच वाचली, आणि तीच आयुष्यभर वाचत बसलो? बाई समोर बसलेली, म्हातारी, एकटी, मुलगी तुटलेली. मला वाटलं, घरी परत येण्याइतकं चांगलं कोणाच्या गोष्टीत काय घडणार! माझ्या दाराशी कोणी परत आलं असतं तर मला काय वाटलं असतं, तेच मी बाईंना देऊ केलं.

"येते," मी म्हणालो. "परत येते."

बाईंनी वर बघितलं. विश्वास बसला नव्हता. मग मी आणखी पुढे गेलो. त्या तेवीस पानांतली बाई कुठेही जायची तर आधी चप्पल काढायची, माळ्यावर चढायची तरी, छतावर जायची तरी. सत्तावीस वर्षांत मला तिचं चालणं-बोलणं पाठ झालं होतं. मी म्हणालो, "दार उघडंच असतं. ती उंबऱ्याबाहेर चप्पल काढते, हातात घेते आणि आवाज न करता आत येते."

"हो," बाई म्हणाल्या. "चप्पल हातात घेते. असंच लिहिलं होतं मी."

मला क्षणभर फार बरं वाटलं. मग त्यांचा चेहरा बघितला.

"म्हणजे मी परत जाणार होते," त्या म्हणाल्या. "सगळे म्हणाले, हिने आधीच ठरवलं होतं, पुस्तकातच लिहून ठेवलंय. नवरा म्हणाला, मुलगीही तेच म्हणाली. मग मीही तेच धरून चालले. मला जायचंच होतं, कोणी घालवलं नाही मला, मीच गेले. तेवढ्या एका गोष्टीवर मी आजवर ताठ उभी राहिले. आणि मी तर परत जाणार होते." त्यांचा आवाज फुटला. "मग त्या दिवशी गेले का नाही हो मी? नऊ वर्षांची होती ती."

मी हादरलो. "बाई, ऐका. मी खोटं बोललो. मी एक ओळ वाचलेली नाही, देवाशपथ. चप्पल माझ्या मनाची. ह्या पानांवरून रचलं मी."

त्यांनी माझ्या हातावर थोपटलं. मला शेवटचं कोणी हात लावला होता तो डॉक्टरने, ताप बघायला. "राहू द्या," त्या म्हणाल्या. "मला रडताना बघून आता फिरवू नका. एकदा खरं बोललात, तेच असू द्या." मी पुन्हा सांगितलं, तिसऱ्यांदा सांगितलं. जितकं सांगावं तितकं त्या मान हलवत राहिल्या. मग वकीलबाई आल्या, आणि त्या उठून त्यांच्याबरोबर गेल्या.

मी पाकीट फाडलं आणि प्रतिज्ञापत्र लिहून दिलं, की सदर पानं माझ्या हातून, माझ्या चुकीने जळाली. खाली आणखी एक ओळ घातली होती, 'सदर पानं मी वाचलेली नाहीत.' वकीलबाईंनी ती खोडली. म्हणाल्या, हे कोणी विचारलेलं नाही, उगाच फाटे फुटतील. माझ्यावर चौकशी बसली, ती बसायलाच हवी होती. वरच्या कोर्टाने लिहिलं, पुस्तक समग्र उपलब्ध नसल्याने त्याविषयी मत देता येत नाही, अर्ज निकाली. बाईंचा शिक्का होता तसा राहिला. निशाणी चौदा वरच्या कोर्टाने आपल्याकडे ठेवून घेतली, आणि मी डबा टेबलावर खायला लागलो.

तीन आठवड्यांनी मला पत्र आलं. सरकारी नव्हे, मला. वर माझं नाव, हाताने लिहिलेलं. मुलीचं होतं, आता छत्तीस वर्षांची.

'आई न कळवता माझ्या दारात येऊन उभी राहिली,' तिने लिहिलं होतं. 'म्हणाली, मी परत येणार होते, पुस्तकात तसं लिहिलं होतं, कोर्टातल्या एका गृहस्थांनी ते स्वतः वाचलंय. मी तिला आत घेतलं नाही. म्हटलं, विचारून बघते, मग कळवते. ती गेली. मला तिच्या खटल्याशी काही घेणं नाही आणि त्या पानांशीही नाही. तुम्ही पुस्तक खरंच वाचलं होतं का, आणि ती बाई परत येते का, एवढंच सांगा. एका ओळीत कळवलंत तरी पुरे.'

मी आधी खरं लिहिलं. वाचलेलं नाही, माहीत नाही, क्षमा असावी. वाचून बघितलं तर एका दाराला आतून कडी घातल्यासारखं वाटलं, फाडून टाकलं. परत लिहिलं, परत फाडलं. जेवणाची सुट्टी संपली, लोक खिडकीशी नकला मागायला उभे राहिले, मी त्यांना थांबा म्हणालो. मी आजवर कोणाला थांबा म्हटलं नव्हतं. तिची आई तिकडे कुठल्यातरी खोलीत उत्तराची वाट बघत बसली असणार, हे मला दिसत होतं, आणि वाट बघत बसणं काय असतं ते मला कोणी शिकवायला नको.

शेवटी मी कचेरीचा कोरा कागद घेतला आणि लिहिलं, 'मी पुस्तक पूर्ण वाचलं आहे. ती परत येते.' खाली पूर्ण नाव लिहिलं, हुद्दा लिहिला, सही केली आणि स्वतः जाऊन टपालात टाकून आलो. ते पुस्तक न वाचता त्याच्याबद्दल सही करून देणारा मी काही पहिला नव्हतो.